डिस्क की डाउनलोड? आधी इंटरनेट बंद करून बघा

सांगलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा नववीत आहे आणि त्याला प्लेस्टेशन ५, म्हणजे सोनीचं टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र (कन्सोल), घ्यायचं ठरलं आहे. डिस्क लागणारं मॉडेल घ्यावं की बिनडिस्कचं? दुकानदार म्हणतो, आता सगळं डाउनलोडच असतं, डिस्कचा खर्च कशाला. पण ताईंच्या माहेरी भावाचा जुना प्लेस्टेशन २ अजून चालतो, दिवाळीला सगळी भाचरं त्यावर तुटून पडतात. मुलाचे आजचे गेम वीस वर्षांनी असे चालतील का, हा त्यांचा खरा प्रश्न.

ताई, पुण्यात कन्सोल दुरुस्त करण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल. आधी निर्णय सांगतो: परवडत असेल तर डिस्कचं मॉडेल घ्या. मात्र डिस्क हातात आली म्हणजे गेम कायमचा घरात आला, असं धरून चालू नका. भावाने डिस्क घेतल्या तेव्हा ते खरं होतं. आज काही गेमच्या बाबतीत खरं आहे, काहींच्या बाबतीत अजिबात नाही, आणि नुसत्या डब्याकडे बघून ते कळत नाही.

भावाचा कन्सोल आजही का चालतो ते बघा. त्या डिस्कवर अख्खा गेम आहे. कंपनीने जो छापला तो शेवटचा. चूक राहिली असेल तर तीही कायमची. डिस्क अस्सल आहे की नाही हे कन्सोल स्वतःच तपासतो आणि गेम सुरू करतो. मधे कंपनी नाही, खातं नाही, इंटरनेट नाही. माझ्या मते टिकण्याचा सगळा प्रश्न इथेच आहे: सुरू होताना गेम कोणाची परवानगी मागतो का, आणि मागत असेल तर ती देणारा वीस वर्षांनी जागेवर असेल का?

'द क्रू' नावाचा युबिसॉफ्टचा गाड्यांचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. डिस्कवरही विकला गेला. एकट्याने खेळायचा म्हटलं तरी त्याला सतत कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं राहावं लागे. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबली, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले, आणि त्या दिवसापासून डाउनलोडवाला आणि डिस्कवाला, दोघेही सारखेच. डिस्कवर एक चरा नाही, लेन्स ठणठणीत, आणि गेम उघडत नाही. माझ्या टेबलावर अशी डिस्क आली तर मी तिचं काहीच करू शकत नाही. दुरुस्त करण्यासारखं तिच्यात काही मोडलेलंच नसतं.

या प्रकाराने बरेच लोक चिडले. रॉस स्कॉट या यूट्यूबरने २०२४ मध्ये 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. त्यातून युरोपीय संघाकडे जी नागरिकांची मागणी गेली, तिने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. मागणी साधी आहे: गेम बंद करायचा असेल तर करा, पण ज्यांनी पैसे मोजले त्यांना तो पुढे चालवता येईल अशा अवस्थेत सोडून जा. हे अशक्य नाही. युबिसॉफ्टनेच सप्टेंबर २०२४ मध्ये 'द क्रू २' ला ऑफलाइन खेळण्याची सोय देणार असल्याचं जाहीर केलं. मला ही मागणी पूर्णपणे पटते.

दुसरा प्रकार म्हणजे जवळजवळ रिकामी डिस्क. २०२२ चा 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' घ्या. त्याच्या प्लेस्टेशन ५ च्या डिस्कवर जेमतेम ७० एमबी माल होता, बाकी सगळा गेम इंटरनेटवरून उतरवायचा. ज्या डिस्कवर १०० जीबीपर्यंत बसू शकतं, तिच्यावर एवढंच. अशी डिस्क म्हणजे नुसती किल्ली, घर कंपनीकडे. जून २०२५ मध्ये आलेल्या निंटेंडो स्विच २ साठी तर 'गेम-की कार्ड' हा प्रकार उघडपणेच विकला जातो. कार्डात गेम नसतो. पहिल्यांदा तो डाउनलोड करायचा आणि नंतर खेळताना दर वेळी कार्ड खोचायचं. डब्यावर तसं छापलेलं असतं, एवढा प्रामाणिकपणा आहे. जुनं कार्ड दुसऱ्याला विकता येतं, हाही फायदा आहे. पण ज्या दिवशी डाउनलोडचा सर्व्हर बंद होईल त्या दिवशी नव्या कन्सोलवर ते कार्ड निरुपयोगी.

त्यामुळे विकत घेण्याआधी तपासा. 'डझ इट प्ले' नावाचा हौशी लोकांचा एक गट नेमकं हेच काम करतो: डिस्क घालायची, इंटरनेट तोडायचं, आणि गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येतो का ते नोंदवून ठेवायचं. त्यांची यादी बघितल्याशिवाय मी स्वतः महागडी डिस्क घेत नाही. घरीही हे करता येतं. नवी डिस्क आणली की कन्सोलचं वायफाय बंद करा, डिस्कवरून गेम बसवा आणि तासभर खेळा. प्लेस्टेशन ५ वर बरेचसे गेम या परीक्षेत पास होतात, म्हणून तर डिस्कचं मॉडेल घ्या म्हणतोय. अपडेट नंतर टाका.

आता डाउनलोडकडे. लोक म्हणतात, दुकान बंद झालं की गेम गेला. तसं थेट नाही. गेम तीन वेळा वेगवेगळा मरतो आणि त्यातला फरक कळला पाहिजे. आधी नवी खरेदी बंद होते. मग कधीतरी, आधी घेतलेला गेम पुन्हा उतरवून घेणं बंद होतं. आणि गेम सर्व्हरवर अवलंबून असेल तर तो सर्व्हर जातो, तेव्हा सगळंच संपतं.

निंटेंडोने ३डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या कन्सोलची ऑनलाइन दुकानं २७ मार्च २०२३ ला खरेदीसाठी बंद केली, पण आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवण्याची सोय ठेवली. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलचं दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झालं, तिथेही तसंच. सोनीने २०२१ च्या मार्चमध्ये प्लेस्टेशन ३ आणि हातात धरून खेळायच्या व्हिटाची दुकानं बंद करायचं जाहीर केलं होतं. लोकांनी आरडाओरडा केला आणि महिन्याभरात निर्णय फिरवला गेला. म्हणजे ओरडण्याचा उपयोग होतो, हे लक्षात ठेवायला हरकत नाही. मात्र जुन्या ग्राहकांना गेम उतरवू देणं हे कंपनीच्या मर्जीवर आहे. वीस वर्षांचा शब्द कोणी दिलेला नाही.

मर्जी फिरली की काय होतं, त्याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कोनामीचा 'पी.टी.'. १२ ऑगस्ट २०१४ ला प्लेस्टेशन ४ वर फुकट आलेला एक छोटा भयपट म्हणावा असा खेळ. २०१५ च्या एप्रिलअखेर तो काढून टाकला आणि नंतर ज्यांनी आधी घेतला होता त्यांनाही पुन्हा उतरवता येईना. डिस्क कधी निघालीच नव्हती. ज्यांच्या कन्सोलच्या हार्डडिस्कवर तो राहिला त्यांच्याकडेच राहिला, आणि तसे कन्सोल लोक चढ्या भावाने विकू लागले. तशी हार्डडिस्क बिघडली की तेवढा गेम संपला.

बरं, दर वेळी कंपनीचा दुष्टपणाच असतो असंही नाही. गेममध्ये गाणी असतात, खऱ्या गाड्या असतात, सिनेमातली पात्रं असतात, आणि त्यांचे करार ठरावीक वर्षांचे असतात. करार संपला की विक्री थांबते. 'फोर्झा होरायझन ४' डिसेंबर २०२४ मध्ये याच कारणाने विक्रीतून गेला. 'स्कॉट पिलग्रिम'चा गेम डिसेंबर २०१४ मध्ये दुकानांतून गायब झाला तो थेट जानेवारी २०२१ मध्ये परतला. आणि कधी कधी गेम राहतो, आतला माल जातो. 'जीटीए ४' २००८ चा. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, त्यातल्या रेडिओवरची बरीच गाणी अपडेटमधून काढून टाकली गेली. ज्याच्याकडे २००८ ची डिस्क आहे आणि कन्सोल इंटरनेटला जोडलेला नाही, त्याच्याकडे ती सगळी गाणी आजही वाजतात. मला विचाराल तर डिस्कचं महत्त्व सांगायला एवढं एक उदाहरण पुरे.

पण डिस्कचा कैवार घेताना मला ऑगस्ट २०१९ आठवतो. तुमच्याच सांगलीत पूर आला होता. पाणी ओसरल्यावर एक ओळखीचे गृहस्थ गोणीत भरून चाळीसेक डिस्क आणि एक कन्सोल घेऊन माझ्याकडे आले. कन्सोलच्या आत गाळ वाळून घट्ट बसला होता, तो गेलाच. डबे आणि कव्हरं लगदा झालेली. डिस्क आम्ही साध्या पाण्यात, थोडा भांड्यांचा साबण घालून, एकेक हाताने धुतल्या आणि सावलीत वाळवल्या. दोन-तीन सोडून सगळ्या चालल्या. छापील डिस्क चिवट असते. त्यांच्याच शेजारच्या मुलाचे सगळे गेम डाउनलोडचे होते. त्याने पुढच्या वर्षी नवा कन्सोल घेतला, खातं उघडलं आणि रात्रभरात सगळं परत आलं. कुठे गाळ नाही, धुणं नाही. पूर, आग, चोरी, घर बदलणं, अशा वेळी डाउनलोडच सरस ठरतं, हे मान्य करायला हवं.

डाउनलोडचा धोका दुसरीकडे असतो आणि तो माझ्याकडे दर महिन्याला येतो. एका मुलाने सात-आठ वर्षं गेम घेतले, खातं वडिलांच्या मोबाइल नंबरावर. वडील वारले, घरच्यांनी नंबर बंद केला, काही काळाने तो मोबाइल कंपनीने दुसऱ्या कोणाला दिला. कन्सोल बिघडल्यावर नव्यावर खातं उघडायला गेला तर ओटीपी त्या परक्या माणसाकडे. पावत्या धुंडाळण्यात आणि ईमेल लिहिण्यात चार महिने गेले, शेवटी त्याने नाद सोडला. म्हणून डिजिटल गेम घेणार असाल तर खातं मुलाच्या स्वतःच्या, शाळा-कॉलेजच्या नव्हे, कायम राहणाऱ्या ईमेलवर काढा. खातं अडकलं तर उघडायला लागणारे बॅकअप कोड कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा. पावत्यांचे ईमेल पुसू नका.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा लागू झाला आहे. डिजिटल दुकानाने 'विकत घ्या' असं बटण दाखवायचं तर सोबत स्पष्ट सांगायचं की हा फक्त वापरण्याचा परवाना आहे. त्यातली सूट जास्त बोलकी आहे: जी वस्तू कायमची उतरवून इंटरनेटशिवाय वापरता येते, तिला हा नियम लागू नाही. कायद्यानेही माझीच कसोटी लावली आहे. कॉम्प्युटरवर असे गेम मिळतात. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट समूहाने २००८ मध्ये सुरू केलेल्या जीओजी या दुकानातून घेतलेल्या गेमची इन्स्टॉलर फाइल आपण बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवू शकतो, आणि ती कोणालाही न विचारता चालते. म्हणजे डाउनलोड असूनही ती माझ्या हिशेबात डिस्कच्या बरोबरीची. मुलाकडे लॅपटॉप असेल तर जुने गेम तिथूनच घ्यायला सांगा, आणि फाइल दोन हार्डडिस्कवर ठेवा. एक हार्डडिस्क म्हणजे बॅकअप नव्हे.

आपल्याकडच्या कायद्याबद्दलही विचारणा होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(एए) नुसार, कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला कॉम्प्युटर प्रोग्रामची बॅकअप प्रत करता येते. ती प्रत हरवणं किंवा खराब होणं यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून, आणि त्याच कामासाठी वापरायला. वाटायला किंवा विकायला नाही.

डिस्क जपण्याबद्दल मात्र नीट सांगतो, कारण आपल्या हवेत खरं नुकसान तिथेच होतं. सीडीवर माहिती असते ती वरच्या, चित्राच्या बाजूला, वार्निशच्या पातळ थराखाली. म्हणून सीडीच्या खालच्या बाजूचा चरा पुसून निघू शकतो, पण वर बॉलपेनने नाव लिहिलंत तर कायमचं नुकसान. डीव्हीडीत माहिती मधोमध, दोन पापुद्र्यांच्या आत. आणि ब्लू-रेमध्ये, म्हणजे प्लेस्टेशन ३, ४ आणि ५ च्या डिस्कमध्ये, ती खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर. त्यावर कडक लेप असतो म्हणून सहसा चरे पडत नाहीत; पण पडलेच तर बफिंगच्या, म्हणजे पृष्ठभाग घासून चरे काढणाऱ्या, मशीनवर देऊ नका. सीडी-डीव्हीडीला वाचवणारं मशीन ब्लू-रेला मारतं. माझ्या दुकानात लोक हट्ट धरतात, तरी मी करून देत नाही. पुसताना मऊ सुती कापड, मधून कडेकडे सरळ. गोल गोल पुसू नका.

पावसाळ्यात डिस्क भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, ओल धरते. कोकणातून येणाऱ्या डिस्कवर आणि लेन्सवर बुरशीचे ठिपके मी नेहमी बघतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, उभ्या ठेवा, पुस्तकांसारख्या. डांबर गोळ्या जवळ नकोत, त्यांच्या वाफेने प्लास्टिक चिकट होतं. कन्सोल महिन्यातून एकदा अर्धा तास चालू करा. बंद पडून राहिलेली यंत्रं चालत्या यंत्रांपेक्षा लवकर बिघडतात, असा माझा अनुभव आहे.

आणि डिस्क टिकली तरी ड्राइव्ह टिकला पाहिजे. प्लेस्टेशन २ ची लेन्स आजही बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी केली की मिळते. तो कन्सोल जगभरात १५ कोटींहून जास्त विकला गेला, त्यामुळे सुटे भाग भरपूर. नव्या कन्सोलमध्ये ड्राइव्हचा बोर्ड मदरबोर्डशी बांधलेला असतो. कोणी ड्राइव्ह बदलून देत असेल तर जुना बोर्ड त्यावर चढवायला सांगा आणि तो कधीही फेकू देऊ नका. प्लेस्टेशन ५ च्या बारीक मॉडेलला सुटा ड्राइव्ह नंतर लावता येतो, म्हणजे आज बिनडिस्कचं घेतलंत तरी दार पूर्ण बंद होत नाही. फक्त तो ड्राइव्ह पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून नोंदवावा लागतो. वीस वर्षांनी ती नोंदणी होईल का, म्हणून जोडायचा तर लवकर जोडा.

प्लेस्टेशन ४ चीही एक जुनी भानगड होती. आतला घड्याळाचा सेल संपला आणि इंटरनेट नसेल तर डिस्कसुद्धा चालत नसे. लोकांनी ते शोधून काढलं, बोंब मारली आणि सप्टेंबर २०२१ च्या ९.०० अपडेटमध्ये ते सुधारलं. जुना प्लेस्टेशन ४ कोणाकडे पडून असेल तर तेवढा अपडेट आजच करून ठेवा.

मोबाइलच्या गेमबद्दल वीस वर्षांचा विचारच करू नका. तुमच्या मुलाला सप्टेंबर २०२० आठवत असेल. पबजी मोबाइलवर बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला भारतातले सर्व्हर बंद झाले. २०१७ मध्ये ॲपलने जुन्या पद्धतीची ३२-बिट ॲप्स चालवणं थांबवलं तेव्हा आयफोनवरचे कितीतरी जुने गेम एका अपडेटमध्ये गेले. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद झालं, तेव्हा सायबर कॅफेत आपण ब्राउझरवर खेळलेले खेळ गेले. फ्लॅशपॉइंट नावाच्या प्रकल्पाने त्यातले पुष्कळ वाचवले, तेही स्वयंसेवकांनी.

व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्धच नाहीत. ही अमेरिकेची गोष्ट, जिथे हे मोजणारं कोणीतरी आहे. आपल्याकडे २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना कंपनीने 'हनुमान: बॉय वॉरियर' केला, गेमशास्त्राने 'देसी अड्डा' केला, ज्यात कबड्डी होती, पतंग होते. मग ट्राइन गेम्सचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' आला. हे सगळे प्लेस्टेशन २ च्या डिस्कवर निघाले होते. आपल्या मातीतले ते पहिले कन्सोल गेम, आणि आज ते नव्याने विकत मिळत नाहीत. माझ्याकडे 'देसी अड्डा'ची एकच डिस्क आहे आणि ती मी कोणाला हात लावू देत नाही.

तेव्हा ताई, दिवाळीला माहेरी जाल तेव्हा भावाच्या डिस्क एकदा उलट्या करून बघा. मागची बाजू चंदेरी किंवा गडद निळी असेल तर त्या कंपनीने छापलेल्या आहेत. नीट ठेवल्या तर मुलाच्या मुलांपर्यंत जायला हरकत नाही. जांभळट झाक असेल तर त्या त्या काळी गल्लोगल्ली मिळणाऱ्या कॉप्या. त्यातला रंग उन्हाने आणि वयाने उडतो, त्या फार दिवस धरणार नाहीत. आणि त्यात वरचे तीन गेम दिसले तर भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये देऊ नका. डबा फुटलेला असला तरी चालेल, डिस्क वहीच्या कागदात गुंडाळू नका, स्वच्छ सुती कापडात घेऊन या. धुऊन, तपासून, नवा डबा घालून देईन.